कोट्रेशीचा रिपोर्ट

—नाही गं, तो आवाज यंत्राचा नाही, बाळाच्या काळजाचा आहे. आत माझी सून आहे, नेत्रावती. पोटाला दोन पट्टे बांधलेत, कागद सरकतोय नि त्यावर ठोके उमटतायत. नववा लागलाय. सकाळी म्हणाली, अत्ते, कालपासून बाळ फारसं हलत नाही — तशीच रिक्षात घातली नि आणली. कोट्रेशी, माझा मुलगा, हरिहरला गेलाय, येईलच. मला आत बसू देत नाहीत — म्हणजे सिस्टर बसा म्हणाली, नेत्रावतीच म्हणाली, अत्ते, तुम्ही बाहेर थांबा. असू दे. तू बस इथं, तुझा नंबर लांब आहे. नवरा नाही आला? तपासणीचं नाव काढलं की ह्यांना नेमकी कामं आठवतात. लग्नाला किती वर्षं, तीन? आमच्याकडे सात गेली, सात.

काय करायचं ठेवलं नाही. उच्चंगीच्या देवीला दर पौर्णिमा, दर महिन्याला सुया, पोटाला भोकं पाडून दुर्बीण घातली — नळ्या मोकळ्या, सगळं ठीक. ठीक आहे तर मग पोर का होत नाही, असं शेजारणी विचारायच्या, नि मीही — हो, मीही बोलले. कुणाची ओटी भरायची असली की हिला म्हणायचे, तू मागं थांब. एकदा नाही, किती वेळा. कोट्रेशीची तपासणी? झाली होती की, दुसऱ्याच वर्षी. रिपोर्ट चांगला आला होता. चांगला म्हणजे — अशी बघू नकोस गं माझ्याकडे.

रिपोर्ट आणायला मी गेले होते. तो भट्टीवर होता. चुरमुऱ्यांची भट्टी आहे आमची, दावणगेरेत कुणालाही विचार. मला इंग्रजी कुठलं येतंय, खिडकीतल्या पोरीलाच म्हटलं, वाचून सांग. ती हळूच म्हणाली, अम्मा, संख्या फारच कमी आहे, डॉक्टरांना दाखवा. मी कागदाच्या चार घड्या केल्या नि चोळीत घातला. घरी हा हात पुसत विचारतो, काय आलं? म्हटलं, तुला काय धाड भरलीय, सगळं ठीक आहे. केवढा हसला. भट्टीवर सगळ्यांना सांगितलं, बायकोला सांगितलं. त्याचं खोटं नव्हतं ते. माझं होतं. कागद मी चुलीत घातला.

बाप गेला तेव्हा सोळाचा होता तो, चार माणसांत त्याची मान खाली जाऊ नये, एवढंच — नाही, एवढंच नव्हतं. त्या पोरीनं आणखी एक विचारलं होतं. मुलगा आगीजवळ काम करतो का? म्हणाली, उष्णतेनंही असं होतं, डॉक्टर आधी तेच सोडायला लावतील. आता भट्टी सोडायची म्हणजे — चुरमुरे फुलवायची वाळू किती तापली हे त्याला नुसत्या वासानं कळायचं, दुसऱ्या कुणाला जमणार? माझं घर त्या वाळूवर उभं. मी म्हटलं, सुनेला सुया देता येतात. मनात म्हटलं, पण म्हटलं.

दोन वर्षांमागं ह्या नव्या डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, नवऱ्याचा जुना रिपोर्ट कुठाय? नाही? मग पुन्हा तपासू. त्याला नुसतं हातानं चाचपून म्हणाल्या, तिथल्या शिरा फुगल्यात. बारीकसं ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी घरी. भट्टीवर माणूस ठेवला — त्यालाही जमलं गं, चुरमुरे तसेच फुलतात. आठ महिन्यांत नेत्रावतीला दिवस राहिले. आठ महिने. नि तिनं पाच वर्षं सुया टोचून घेतल्या.

एकदाच विचारलं तिनं. भाकरी थापत होती, मान वर केली नाही. अत्ते, तेव्हाचा कागद कुणी आणला होता? म्हटलं, आठवत नाही गं. तिनं भाकरी उलटली. पुन्हा कधी विचारलं नाही. जेवायला वाढते, माझी रक्तदाबाची गोळी आणून देते, सगळं करते. पण माझ्याजवळ बसत नाही.

ऐक — ठोके थांबले का? तुला येतोय आवाज? पट्टा सरकला असेल. पट्टाच सरकला असेल ना? सिस्टर का धावतेय? हे बघ पोरी, तुझ्यासमोर सांगते, त्या बाळाचे ठोके नीट येऊ देत, आत जाऊन तिचे पाय धरते. कागद मीच आणला होता, मीच जाळला, सगळं सांगते. आजच. आणि तू, नवऱ्याला तपासायला घेऊन ये, नि रिपोर्ट तुम्ही दोघं जाऊन घ्या. सासूला पाठवू नकोस.

काय, सिस्टर? पट्टा सरकला होता? आणि बाळ झोपलं होतं? तिला कुशीवर वळवलं नि जागं झालं... ठोके चांगले आहेत, हो, ऐकू आले, आता ऐकू आले. संध्याकाळी पुन्हा बघणार. बरं. कुणाला, मला बोलावतेय नेत्रावती? एकटीला? — येते म्हणावं. आलेच.

काय बघतेस? ऐकलंस ना, सगळं ठीक आहे. आता अशा दिवसांत तिच्या जिवाला घोर लावू का? बाळंत होऊ दे. बारसं होऊ दे. मग बघू. आणि मी तरी काय सांगितलं तुला? चुरमुऱ्यांचं सांगितलं, भट्टीचं सांगितलं. ऊठ बाई, तिकडच्या बाकावर जाऊन बस.