टोकदार की बोथट

—नाही, नाही, पिशवी आधी खाली ठेवा, मासे आहेत ते, लिंबं नव्हेत हलवायला. आणि ‘फसवलं’ हा शब्द या दुकानात पुन्हा काढायचा नाही. एकतीस वर्षं या स्टुलावर बसलेय मी. एंजल माशांची जोडी म्हणून दिली ती जोडीच निघाली, एकही परत आली नाही—एक आली होती, पण ते गिऱ्हाईकच तिरसट होतं. तुम्ही म्हणता अंडी घातली आणि चौथ्या दिवसापर्यंत सगळी पांढरी पडली. पडतात. नर नवखा असला की अंड्यांच्या आसपास नुसता हिंडतो, आपलं काम काय तेच त्याला उमगत नाही—आमच्या ह्यांचंही लग्नानंतर वर्षभर तसंच होतं, असो. पाणी बदललं होतंत का? नाही. मग शेजाऱ्यांनी काचेवर टकटक केली असेल. शेजारीच नाहीत. बरं.

तुम्हाला काय वाटलं, कोंबडा-कोंबडी आहे का ही, तुरा बघून सांगायला? या जातीत दोघं एकसारखे—तेच पट्टे, तेच पंख, तोच तोरा. आमचे हे पंखांवरून सांगायचे, लांब पंखांचा तो नर, आणि दोनांतला एक हमखास चुकायचा. म्हणजे डोळे मिटून सांगितलं असतं तरी तेवढंच बरोबर आलं असतं. मी चौथी शिकलेली. पण अंडी घालायच्या दिवसांत मी मासा ओल्या तळव्यावर उताणा धरला आणि नीट बघितलं. पोटाखाली एक बारीकशी नळी उतरते तेव्हा. नराची टोकदार, नुकत्या तासलेल्या पेन्सिलीसारखी. मादीची जाड, बोथट—तीच पेन्सिल, पण सगळा पेपर लिहून झाल्यावरची. अंडं बाहेर यायचं तर वाट रुंद नको? एवढं साधं, पण सांगितलं कुणी नाही, माझं मीच शोधलं. एक प्राध्यापक आले होते जाडजूड पुस्तक घेऊन, म्हणाले, आजी, हे कुणालाच ओळखता येत नाही. मी नऊ मासे ओळखून दाखवले. आठ बरोबर आले. नववा मेला, नाहीतर तोही बरोबरच होता.

जरा हळू बोला. मुलगा वर जेवतोय. त्याला जोड्या विकायच्याच नाहीत हल्ली—फोनमध्ये वाचतो ना सगळं—म्हणतो, आई, सहा पिल्लं द्यायची, मोठी झाली की आपली आपण जोड्या जमवतील. मग आपण कशाला हवेत इथं, दार उघडं टाकून निघून जाऊ की. परवा तर म्हणाला, आणखी एक जोडी परत आली की तू घरी बसायचं, तुझं स्टूल काढून तिथे माशांच्या औषधांचं कपाट ठेवतो. माझ्या जागेवर कपाट. आणखी एक म्हणजे—दोन आल्यात या वर्षी. त्याला माहीत असलेल्या दोन. बाकीच्या चार मी, तो काचा आणायला गेला की, गुपचूप बदलून दिल्या. त्या कशाला मोजायच्या, लोक समाधानाने गेले.

अंडी किती होती, अंदाजे? तीनशे-चारशे. एवढी? आणि एकाच पानावर होती ना—दोन ठिकाणी. हं. घालताना बघितलंत तुम्ही? मग घालत कोण होतं? दोघंही. आळीपाळीने. आणि हे तुम्ही आता सांगताय, एवढा निळा शर्ट घातलेला शहाणा माणूस—पांढरा आहे? बरं, पांढरा. धरा ती पिशवी उजेडाकडे. आणखी वर. नाही दिसत. प्लास्टिकच जाड येतं हल्ली. तुम्हाला आरपार दिसतंय, होय का? मग ऐका, प्लास्टिक नव्हे, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, झालं समाधान? घरात कुणाला बोललेले नाही. सून मेली आधीच संशय घेते, चहात मीठ पडलं होतं माझ्या हातून. ती सरळ दवाखान्यात नेऊन निजवेल, आणि तेवढ्या चार दिवसांत स्टूल मोकळं म्हणजे कपाट आत आलंच. तुम्ही काम काय करता हो? घड्याळं दुरुस्त करता. मग ते डोळ्याला लावायचं भिंग असेल तुमच्याकडे. खिशातच आहे? मग मघापासून मिठाची गुळणी धरून का उभे राहिलात?

ओता मासे या बरणीत. थांबा—धुरकट आहे—जरा जवळ—आता. अगं बाई. खवले दिसतायत. एकेक खवला. पट्ट्याच्या कडेला हिरवी झाक असते, विसरलेच होते मी. आणि नळी बोथट. आता दुसरा. बोथट. दोन्ही बायका. चारशे अंडी घालून पंखांनी वारा घालत बसल्यात, कुणाची वाट बघत होत्या कोण जाणे. चूक माझी. ऐकलंत ना, पुन्हा नाही म्हणणार.

सरका, ती वरची टाकी बघू दे, माझ्याच हातची ‘जोडी’ म्हणून चिठ्ठी आहे तिच्यावर. बोथट, बोथट. खालची—टोकदार, टोकदार. हे दोघं रोज भांडायचे, मला वाटलं संसार चाललाय. यातला हा थोरला घ्या तुम्ही, एक मादी माझ्याकडे ठेवा, महिनाभर एकमेकांची ओळख होऊ द्या. नाही पटलं तर या. मीच असेन.

जिना वाजतोय. मागच्या दाराने का जाताय? तुम्ही काय चोरी केलीत? ये रे, जेवलास? हे घड्याळवाले. यांची जोडी मी दिली, दोन्ही माद्या निघाल्या. तिसरी नव्हे, सातवी. तोंड मिट आणि इकडे ये. माझे डोळे गेलेत, तेही ऐकून घे एकदाच. या दोन चिठ्ठ्या मीच फाडतेय, बघ. आता या माशाच्या पोटाखाली बघ, भिंग मी धरते, तू हात लावायचा नाहीस. टोकदार आहे की बोथट? पुन्हा बघ. काय म्हणालास—दिसत नाही? तीस वर्षांनी लहान आहेस माझ्यापेक्षा. मग काय कपाट ओळखणार, नर का मादी? ने ते कपाट वर, जिन्याखाली ठेव, कुठेही ठेव. डोळ्यांचं सुनेशी मी बोलेन, माझं मी. तोवर हे भिंग चालतंय.

तुम्ही अजून इथेच? नर मिळाला ना? निघा, पिशवीतलं पाणी गार होतंय. भिंग? कसलं भिंग? साहेब, तुमच्याकडे येतात ती घड्याळं बंदच पडलेली असतात, आणखी आठवडाभर थांबतील. निघा.