शाबासकीला जागा ठेवा

मंडळी, ऐका! आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. शेजारी त्रास देतो — बरोबर? देतो! मग समजा, देवानं सगळे शेजारीच उचलून नेले. माणूस सुखी होईल का हो? हं... मागच्या काकू 'होईल' म्हणाल्या! काकू, जरा थांबा. आधी अंबूताईंची गोष्ट ऐका.

अंबूताई म्हणजे गाणारी बाई. गळा असा, की चुलीवरचं दूध उतू जावं आणि कुणाला कळू नये! वडलांची करवंदवाडीला आंब्याची बाग होती. बाईंच्या मनानं घेतलं — इथं कलावंतांनी एकत्र राहावं, आपापलं काम करावं. आयुष्यभराची हौस हो! ओळखीची तीन माणसं बोलावली आणि बागेत चुन्याची फक्की मारून प्रत्येकाचं घर आखायला घेतलं.

पण कलावंत तो! तुमच्या-आमच्यासारखा 'चालेल' म्हणेल तर शपथ! चित्रकार दिगूअण्णा म्हणाले, "मला उत्तरेचा उजेड. आणि तबला कानावर आला, तर मी चाललो!" तबलजी उस्मानभाई कुठं मागं राहतात? "ताई, माझी भिंत हातभर जाड करा. अण्णांचं खोकणं बेताल आहे!" कुंभारकाम करणारी कावेरी म्हणाली, "माझी भट्टी पार रस्त्याकडं, तुम्हा सगळ्यांपासून लांब. कामात कुणी डोकावलेलं मला खपत नाही."

अंबूताईंनी सगळ्यांचं ऐकलं. चार घरांची चार तोंडं चार दिशांना! पाठीला पाठ! चूलही ज्याची त्याची. भांडणाला जागाच ठेवली नाही, हो! झाली घरं, आले राहायला. काय ती शांतता! पानं गळाली तरी ऐकू यावीत.

आता गंमत बघा. सकाळी अंबूताई गायला बसायच्या. तान घेतली, समेवर आल्या, आणि... थांबल्या. कशाला थांबल्या? अहो, सवय! समेवर कुणीतरी 'वा!' म्हणतं ना! इथं कोण म्हणणार? जाड भिंत? बाई पुन्हा सूर लावायच्या, पुन्हा थांबायच्या. पुढं पुढं तंबोरा खोळीतून निघेना. तिकडं अण्णांचे रंग वाळले.

एक दिवस उस्मानभाई सामान बांधून दारात उभे! "ताई, येतो मी."

"अहो, काय कमी पडलं?"

"कमी? काहीच नाही! पुण्याच्या खोलीत रियाजाला बसलो की शेजारी भिंतीवर बुक्क्या मारायचा. आता त्याची आठवण येते, ताई! इथं शिवी द्यायलासुद्धा कुणी नाही."

बाईंचे डोळे भरले. हा गेला की अण्णा जाणार, मग कावेरी. बाग राहील, घरं राहतील, राहायला कोण? सांगा! तरी बिचाऱ्या त्यांना पोचवायला निघाल्या. डग्गा कुणी उचलला माहितीये? अण्णांनी! "हा आवाज जातोय एकदाचा, म्हणून आलो," म्हणाले. खरं कुठलं? तोंड बघायला हवं होतं त्यांचं!

रस्त्यावर एसटीची वाट बघतायत. शेजारीच कावेरी भट्टी उघडून बसलेली. मडकं भाजून निघालं की बोटानं वाजवून बघतात — ठाऊक आहे ना? पक्कं असलं तर खणखणतं, तडा असला तर बद्द वाजतं. कावेरी वाजवतेय — टण्! टण्! उस्मानभाईंचे कान टवकारले. "थांब, थांब! तो मधला माठ दे!" बोटं पडली माठावर. "ताई, ही तर तुमची काळी चार! तुमचाच सूर!"

आणि बाईंच्या तोंडून सूर निघाला हो! रस्त्याच्या कडेला, धुळीत, पदर खोचून! माठावर ठेका, वर तान, आणि समेवर — "वाहवा!" कोण ओरडलं? दिगूअण्णा! डग्गा पोटाशी धरून! कावेरीच्या हातातलं मडकं सुटलं, फुटलं, आणि ती हसतच सुटली. एसटी आली, हॉर्न वाजवला, गेली. कुणी बघितलंसुद्धा नाही!

दुसऱ्या दिवशी पुन्हा फक्की. चारही घरांच्या पाठींमधल्या मोकळ्या जागेत एक मोठी ओसरी आखली, एकच चूल, दारं सगळी आत वळवली. अण्णा काय म्हणाले? "माझ्या भिंतीला खिडकी पाडा, तबल्याच्या बाजूला!" भांडणं आता रोज होतात. पण सम आली की चौघांची मान हलते.

काय, काकू? आता बोला! आपण घराला खोल्या वाढवतो, खोल्यांना दारं, दारांना कड्या. शाबासकीला कोपरा ठेवलाय का कुठं? बायको आमटी वाढते — तुम्ही भुरके मारता! बोलता का, 'छान झालीये' म्हणून? मीठ कमी पडलं की मात्र लगेच वाचा फुटते! सून रांगोळी काढते, तुम्ही त्यावरून चप्पल घालून जाता. म्हातारा अंगणात आळी करून झाडं जगवतो, कोण विचारतं त्याला? माणूस कष्टानं थकत नाही, मंडळी. समेवर कुणी नसलं की थकतो.

तेव्हा आज घरी गेल्यावर पहिल्या घासाला तोंड उघडाल, तेव्हा एक चांगला शब्दही बाहेर येऊ द्या. आणि आता करा विठ्ठलाचा गजर — ओठातल्या ओठात नको! शेजारच्याला ऐकू गेला पाहिजे!