सांगलीच्या सौद्याला कादंबरी

(कुंडल, १९७४. सुभेदार नाथाजींच्या घरचा सोपा. पुण्याहून आलेले लालासाहेब पुस्तकांची पिशवी खाली ठेवून बसलेत. नाथाजींच्या पत्नी अंजना उंबऱ्याशी बसल्यात.)

लालासाहेब : ...म्हणजे तिन्ही प्रकाशकांना कादंबरीचं एकेक बाड पाठवलंत, आणि एकाच दिवशी सांगलीला बोलावलंत?

नाथाजी : व्हय, मंगळवारी. गुळाचं सौदं निगत्यात त्या दिशी. अडत्याला सांगून ठिवलं हुतं, आज गुळासंगं आमच्या मंडळींची कादंबरी हाय, गिऱ्हाइकं पुण्याची हायती. त्यानं गादी झटकली, लोड मांडला.

लालासाहेब : आणि?

नाथाजी : कोन बी आलं न्हाई. दुपारपतुर चा पाजत बसला बिचारा मला. मी म्हनलं, एष्टी चुकली असंल.

लालासाहेब : अहो सुभेदार, मी पत्ते दिले ते एकेकाला दाखवायला. एकानं नाही म्हटलं की मग दुसऱ्याकडं. पुस्तकाचा असा लिलाव करत नाहीत हो कुणी.

नाथाजी : का करत न्हाईत? गुळाचा रवा, म्हंजी ढेप, फोडून मांडला की चार व्यापारी बघत्यात, ज्याला पटंल त्यो घेतो. एकट्याच्या दारात नेला तर त्यो पाडूनच मागनार. पलटणीत आमचा कॅप्टन सांगायचा, विलायतेत लिवनाऱ्या मान्साला एजंट असतो. त्यो बोलतो, लिवनारा घरी बसतो. मी हिचा एजंट.

लालासाहेब : त्या एजंटापायी मला परवा पुण्यात उभं राहावं लागलं. शाळा-वाचनालयांच्या ऑर्डरी घेत फिरतो, चार पुस्तकं खपवतो, म्हणून एरवी खुर्ची मिळते. या खेपेला पहिल्या दुकानात बस म्हणालं नाही कुणी. वर ऐकवलं, आम्ही काय गुळाच्या गादीवर बोली लावत बसू? दुसऱ्यांनी तर बाडाची दोरीही सोडली नव्हती. ही घ्या, दोन्ही बाडं परत.

अंजना : आन् तिसऱ्यांनी काय सांगितलं, भावजी?

नाथाजी : अगं थांब, मी इचारतो. तिसरा काय म्हनला?

लालासाहेब : ते आधी पोट धरून हसले. म्हणाले, असलं आमंत्रण जन्मात आलं नव्हतं. गंमत म्हणून पहिलं पान उघडलं आणि जेवायला उठायचं राहिलं. त्यांना छापायची आहे.

नाथाजी : बघ, लागला का न्हाई सौदा?

लालासाहेब : थांबा जरा. त्यांनी मला एक विचारलं. हे सुभेदार स्वतः वाचून पाठवतायत का म्हणाले. वाचलीय तुम्ही?

नाथाजी : मी कशाला वाचू? घरचाच माल. तीन डाव लिवून काडली तिनं, मी रोज बघत हुतो की. अक्षर मोत्यावानी हाय.

अंजना : कायतरी अट घातली असंल त्यांनी, ती सांगा, भावजी.

लालासाहेब : वहिनी, मीही वाचलीय, म्हणून बोलायला जड जातंय. साहेब म्हणाले, सुभेदारांना आधी कादंबरी सगळी कळू दे आणि मग त्यांनी हो म्हणावं. छापून झाल्यावर घरात भांडण नको.

नाथाजी : भांडान कशापायी? तिच्या पुस्तकाला मी नाट लावीन व्हय?

अंजना : तुमी वाचली असती तर पाठवलीच नसती. म्हनून मी गप बसले. तुमी हौसेनं दोऱ्या बांदायचा, पोस्टात जायचा, मी नुस्ती बघत ऱ्हायची.

नाथाजी : हाय तरी काय त्यात?

अंजना : एक बाई हाय. नवरा पलटणीत. ती एकटी उसाला पानी पाजती, गुऱ्हाळ लावती, सांगलीला जाऊन गूळ इकती. अडत्या तिला मालक म्हनतो. मग नवरा पेन्शनीत येतो.

नाथाजी : मग चांगलंच झालं की.

अंजना : आल्या दिशी तिच्याकडनं कोठीच्या किल्ल्या मागून घेतो. पायातलं बूट बी काडलं नव्हतं अजून. त्या दिसापास्नं तिला कुनी काय इचारत न्हाई.

नाथाजी : मी मागितल्या हुत्या?

अंजना : व्हय.

नाथाजी : मला न्हाई आठवत.

अंजना : तुमाला कशाला आठवंल?

नाथाजी : मारतो का त्यो तिला?

अंजना : न्हाई. लय माया करतो. जत्रंत लुगडं घेतो, दुखलं-खुपलं बघतो. फकस्त तिच्या वाटचं सगळं सोताच बोलतो.

नाथाजी : लालासाहेब, गावाला कळंल का हो, त्यो मी हाय म्हनून?

लालासाहेब : कळेल. मिशा तुमच्याच आहेत.

नाथाजी : मग मिशा काडून टाक म्हनावं.

अंजना : मिशा काडीन. किल्ल्या न्हाई काडनार.

नाथाजी : शेवटाला तरी सुदारतो का त्यो?

अंजना : न्हाई.

नाथाजी : जरा सुदारला असता तर काय बिगडलं असतं?

अंजना : तसं बी लिवून बघितलं. मलाच खरं वाटंना, खोडून टाकलं.

लालासाहेब : साहेबही तेच म्हणाले. शेवटाला हात लावू नका म्हणाले.

अंजना : आवं, तुमाला नको असंल तर आत्ताच सांगा. मी बाड माळ्यावर टाकते, पुन्यांदा नाव काडनार न्हाई. पर मला वाईट वाटंल. जलमभर वाटंल. ते बी सांगून ठिवते.

नाथाजी : मला भराभर वाचता येत न्हाई, लालासाहेब. दोन पानात डोळं पानावत्यात. तवर थांबंल का त्यो पुण्यावाला?

लालासाहेब : त्यांनी येत्या सोमवारी दोघांनाही बोलावलंय. यायचं ठरलं तर मला आज पत्र टाकायला हवं. काय कळवू, सुभेदार?

नाथाजी : मला काय इचारताय? तिला इचारा की.

अंजना : सोमवारी न्हाई जमायचं, गुऱ्हाळ लागनार हाय. फुडच्या बुधवारी येतो म्हनून कळवा. तवर मी ह्यास्नी वाचून दावते.