बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर

विजेच्या वस्तूंच्या दुकानाच्या रांगेत बिघडलेली इस्त्री घेऊन उभ्या असलेल्या शिंपीणबाईंचे कान पुढच्या नवराबायकोकडे लागले होते.

"बाबांचा अ‍ॅम्प्लिफायर मोडीत काढायला निघालात, काही वाटतं का?"

"दोन्ही ऐकूनच ठरवलं ना! नवा किती भरदार वाजला!"

"वाजणारच! त्याचा आवाज चढवला होतात. बाबांचा मात्र बारीक."

"अगं, बाबा झोपले होते."

"मग नव्याच्या वेळी काय गावाला गेले होते?"

नवऱ्याने काखेतला जुना अ‍ॅम्प्लिफायर सावरून धरला.

"उठून दारात आले होते. तुमची पाठ होती."

"काही म्हणाले?"

"म्हणाले, 'माझा इतका मोकळा कधी वाजवलाच नाही त्याने.'"

"पुढचे या," काउंटरवरून हाक आली.

"बाई, तुम्ही व्हा पुढे. यांना घरी जाऊन दोन्ही परत ऐकायचेत. बाबांना शेजारी बसवून."