नावाचा रकाना

"कायद्यापुढे सगळे सारखे," तुरुंगाच्या भेट-खिडकीपुढच्या रांगेत घड्याळजींनी जाहीर केलं आणि शिपायाच्या खुणेसरशी पट्टा काढून एका हातानं विजार सावरली. धाकट्या भावाला भेटायला चार वर्षं येत असल्यानं नियम त्यांना तोंडपाठ होते. त्यांच्या पुढच्या बाई मात्र पहिल्यांदाच आल्या होत्या.

"ताई, पिशवी बाहेर ठेवा. आत फक्त तुम्ही आणि ओळखपत्र," घड्याळजींनी त्यांना सांगितलं.

"लेकासाठी स्वेटर आहे हो, भाऊ."

"बटणांचा? बटणं चालत नाहीत."

"मग तोडते की दातानं."

"पुढे या," खिडकीतला कारकून म्हणाला. "बाई, कैद्यानं दिलेल्या यादीत तुमचं नाव नाही."

"असं कसं? पोटचा आहे माझ्या."

"एकच नोंद आहे. नावाच्या रकान्यात 'आई' लिहिलंय."

"मग मीच की ती."

"ओळखपत्रावर तसं नाही."

"साहेब, कुणाच्या ओळखपत्रावर असतं?" घड्याळजींना राहवेना.

"आजोबा, तुमचा नंबर आला की बोला. यादी एक तारखेलाच दुरुस्त होते. बाई, पुढच्या महिन्यात या."

"पहिल्यापासून असाच आहे हो तो. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचं नाव 'बाबा' लिहून आला होता."

"रांग खोळंबलीय, बाई."

"जाते. तो कागद तेवढा दाखवता?"

कारकुनानं कागद काचेला टेकवला. बाईंनी डोळे बारीक करून पाहिलं, मग मागे वळल्या.

"भाऊ, तुमचा चष्मा देता का जरा?"