मगर खंय गेली?

...आणि मगर नव्हतीच हो त्यात! कितीदा सांगू? एकसष्ट साली मी कोल्हापूरला खात्याच्या परीक्षेला गेलो होतो, पेपर दिला, कसा गेला ते विचारू नका, आणि संध्याकाळी थेटरात खुर्चीवर बसून, पुढच्या माणसाचा पटका चुकवत चुकवत अख्खा सिनेमा बघितला. हेराचा सिनेमा. घडीत जीव मुठीत धरायला लावणारा, घडीत खो खो हसवणारा. त्यात मोटार होती, विमान होतं, भिंतीत उघडणारं चोरदार होतं. मगर नव्हती. पण आमच्या सासुरवाडीला हे सांगणार कोण? आणि सिनेमा बघितला कोणी? मी!

तुम्हाला सांगतो, मसुऱ्याला माझी सासुरवाडी. मी थोरला जावई, मालवणला मामलेदार कचेरीत कारकून. नाव हरिश्चंद्र, नावाप्रमाणे खोटं बोलायची सवय नाही, आणि तिथंच सगळं बिघडलं. कोल्हापूरहून आलो तो थेट मसुऱ्याला. ओटीवर सासरे बसलेले, त्यांना अख्खा गाव भाई म्हणतो, सासूबाई, आमची सरला, शेजारचा धोंडू... आणि मी सिनेमा सांगितला. नीट, क्रमाने. कागद चोरीला जातात, हेर शोधायला निघतो, त्याचा एक घाबरट दोस्त असतो तो हसवतो, शेवटी चोर सापडतो. वीस मिनिटांत आटपलं, फापटपसारा नाही. सरला माझ्याकडे टक लावून बघत होती. अहो, अंतरपाट बाजूला झाला तेव्हासुद्धा एवढं बघितलं नव्हतं तिनं. आणि जेवायला बसल्यावर सुरमईची मधली तुकडी माझ्या ताटात. सासुरवाडीत मधली तुकडी म्हणजे काय, हे ज्यांना सासुरवाडी आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

पुढच्या वर्षी धाकट्या मेव्हणीचं, दुर्गाचं लग्न झालं. नवरा परशुराम, नांदगावचा. काजू, आंबा, भात, माणूस खाऊनपिऊन सुखी. पण मुंबई बघितलेली नाही, कोल्हापूर बघितलेलं नाही, थेटर काळं की गोरं ठाऊक नाही. दिवाळसणाला आला तेव्हा मीच, मीच करंटा, त्याला बाजूला बसवून सिनेमा सांगितला. तो आपला "मगे? मगे काय झाला, दादा?" करत ऐकत होता. मला वाटलं, गरीब बिचारा.

शिमग्याला मसुऱ्याला पोचतो, तर ओटीवर पाय ठेवायला जागा नाही. आणि मधोमध परशुराम! धोतर खोचलेलं, सुपारीचा अडकित्ता पिस्तुलासारखा धरलेला, आणि माझा सिनेमा सांगतोय. "...आणि तो हेर होडयेत बसलो. काळोख मिट्ट. खाडयेचा पाणी हलता काय? हलता. आणि पाण्यातसून वर काय इला..." आणि गप्प. सुपारी कातरतोय. कातरून झाली, तोंडात टाकली, तरी गप्प. धोंडू घामाघूम, "अरे काय इला, सांग मरे!" तेव्हा हा सावकाश म्हणतो, "मगर."

आता कसली मगर हो? मी दारातनंच म्हटलं, "परशुराम, त्यात मगर नाहीये." तर आमची सरला, माझी लग्नाची बायको, वळून म्हणते, "तुमी जरा गप ऱ्हवा, भावोजी सांगतत मां." पुढे त्या मगरीनं घाबरट दोस्ताचं धोतर धरलं. सिनेमात तो पाटलोणीत होता, ते जाऊ दे. आणि दोस्तानं काय करावं? हात जोडून मगरीलाच, देवळात देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, धोतर घे पण माका सोड..." आणि अख्खी ओटी एका सुरात, "व्हय म्हाराजा!" सासूबाई पदरानं डोळे पुसतायत. मी हसलो नाही. मला खोकला आला होता. तीन संध्याकाळी चालला तो सिनेमा. आणि जेवताना मधली तुकडी परशुरामाच्या ताटात, मला शेपटीकडची. मी काटे काढत बसलो. सिनेमा बघितला कोणी? मी!

जळलो? हो, जळलो, खोटं कशाला सांगू. दोन वर्षं जळलो. सरला भाकऱ्या थापता थापता मधेच स्वतःशी हसायची. मी विचारलं, काय झालं? तर म्हणे, "काय नाय ओ, भावोजींची मगर आठवली." एकदा घरात कोणी नाही असं बघून मीही आरशापुढे अडकित्ता धरून बघितला. बोट कापलं.

आणि पासष्ट साली देवी पावली. आंगणेवाडीच्या जत्रेत तंबूचा सिनेमा आला, आणि कोणता म्हणता? तोच! जुना झालेला, पडद्यावर सगळा पाऊस पडल्यासारखा, पण तोच. मी जाऊन बोर्ड दोनदा वाचला. सगळ्यांची तिकिटं मी काढली, भाई, सासूबाई, सरला, दुर्गा, धोंडू, आणि परशुरामाला तर हाताला धरून माझ्या शेजारी बसवला. म्हटलं, होऊन जाऊ दे सोक्षमोक्ष.

मी पडद्याकडे बघतच नव्हतो, मी परशुरामाच्या तोंडाकडे बघत होतो. आयुष्यातला पहिला सिनेमा, आ वासून बसलेला. मोटार आली, विमान आलं, आणि मग होडी आली. होडी होती, कबूल करतो. धोंडू कुजबुजला, "आता येतली." आमची अख्खी ओळ पुढे झुकली. आणि हेर आरामात पलीकडे उतरला. बूटसुद्धा भिजले नाहीत. मी मागे रेललो. सुरमईचा वास यायला लागला मला.

तर धोंडू उभा राहिला आणि ओरडला, "मगर खंय गेली?"

भाई म्हणाले, "खराच, मगर खंय गेली?" आणि बघता बघता अर्धा तंबू उठला, कारण अर्धं मसुरे त्या ओटीवर बसून गेलेलं. सिनेमा थांबला. तंबूवाला घाटावरचा, हात जोडून म्हणतो, "पावनं, मगर रिळातच न्हाई वो." त्याला कोण विचारतंय!

आता आमच्याकडच्या माणसांचं डोकं कसं चालतं ते सांगतो. जन्म गेला दशावतार बघण्यात. आख्यान एकच, पण ही कंपनी रंगवते एक तऱ्हेनं, ती दुसऱ्या. कागदावर काही नसतं, ज्याला सुचेल त्यानं वाढवावं. तंबूबाहेर येऊन सगळे त्याच हिशेबानं मतं द्यायला लागले. भाई म्हणाले, "कंपनी बरी आसा, राजपार्टी देखणो आसा, पण आख्यान पुरा करूक नाय. मगर गाळल्यानी." राजपार्टी म्हणजे राजाचं सोंग घेणारा, इथे आपला हेर. सासूबाई म्हणाल्या, "दोस्त हसयता बरो, पण गाऱ्हाणा घालूक येणा नाय तेका." आणि धोंडू म्हणाला, "परशुरामाची कंपनी बरी." परशुरामाची कंपनी! एक माणूस आणि एक अडकित्ता.

मी म्हटलं, "भाई, अहो हाच मूळ सिनेमा. मी कोल्हापूरला बघितलाय, मगर नव्हती." भाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "जावयबापू, पुढच्या माणसाचो पटको आड इलो असतलो."

परत येताना परशुराम हळूच जवळ आला. म्हणाला, "दादा, तुमचाच बरोबर होता. मगर मी आपली वाढयलंय." मी म्हटलं, हे मोठ्यानं बोल. तर म्हणतो, "आता मोठ्यान कशाक? लोकांका आवडली ती." आणि त्या दिवशी मधली तुकडी... जाऊ दे.

सोमवारी कचेरीत साहेबांनीच विचारलं, "काय हरिश्चंद्र, जत्रेत सिनेमा बघितलात म्हणे, कसा आहे?" टेबलाभोवती पाचसहा जण जमले. मी सुरुवात केली, नीट, क्रमाने. कागद चोरीला गेले तोवर एकानं जांभई दिली. चोरदाराला साहेबांनी फाइल पुढे ओढली. आणि होडी आली. काय झालं कोणास ठाऊक, मी पेन्सिल पिस्तुलासारखी धरली आणि म्हटलं, "पाणी हललं. आणि पाण्यातून वर काय आलं?" आणि गप्प बसलो. साहेबांनी फाइल मिटली.

म्हटलं, "मगर."

गाऱ्हाण्यापर्यंत साहेब हसून हसून खुर्चीत आडवे. डोळे पुसत म्हणाले, "खरं सांगा हं, मगर सिनेमात आहे ना?" मी, हरिश्चंद्र, म्हटलं, "आहे साहेब. स्वतः बघितली. कोल्हापूरला."

तर दाराशी उभा असलेला आमचा पट्टेवाला, बाबू, नांदगावचाच तो, मान हलवून म्हणतो, "सायबानू, ह्या कायच नाय. आमचो परशुराम सांगता, तेच्यात आता दोन मगरी आसत."

दोन. तेव्हापासून सिनेमा बघितला कोणी, हे विचारणं मी सोडून दिलंय.