मोजायची होती फक्त हवा

…नाही, पण मी म्हणतो, हवा ही काय मोजायची वस्तू आहे? दूध मोजावे, कापड मोजावे, फार तर शेजाऱ्यांकडे आलेले पाहुणे मोजावेत! पण आमच्या घरात, तुम्हाला सांगतो, चक्क हवा मोजली गेली, आणि तेव्हापासून आम्हा दोघांचा जीव जो टांगणीला लागला तो लागलाच.

मूळ कारण आमची नात. रांगण्याच्या वयाची, आणि छातीत सारखी घुरघुर. डॉक्टरांनी विचारले, घरात झुरळांसाठी काही फवारता का? कारण ते औषध म्हणे उडून जात नाही. हवेत राहते, पडद्यांत मुरते, जमिनीवर बसते, आणि रांगणारे मूल ते सर्वांत आधी ओढून घेते. आता लेकीची रजा संपत आलेली, आणि दिवसा नात आमच्याकडे राहणार हे तिच्या जन्माआधीच ठरलेले. मी तर जमिनीवर बसण्याचा सराव सुरू केला होता… या गुडघ्यांनी! तर लेक म्हणाली, "बाबा, आधी तुमच्या घरातली हवा तपासू. चांगली निघाली तर बाळ तुमचं. नाहीतर पाळणाघर."

मी म्हटले, अवश्य तपास. मोजायची होती फक्त हवा, त्यात भिण्यासारखे काय?

त्या विषयावर मिळेल ते सर्व मी वाचून काढले. महिनाभर घरात फवाऱ्याचा थेंब उडू दिला नाही. पडदे धुतले, जमीन पुसली, खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. झुरळांना बातमी लागली असावी, कारण ती माहेरपणाला आल्यासारखी निवांत राहिली. आमची ही चप्पल घेऊन त्यांच्यामागे हिंडे आणि माझ्याकडे असे पाही, की जणू मीच त्यांना आमंत्रण धाडले होते!

मग तपासनीस बाई आल्या. त्यांनी बुटक्या स्टुलावर, म्हणजे बाळाच्या नाकाच्या उंचीवर, एक लहानसा पंप ठेवला. तो नळीतून हवा ओढणार आणि हवेतले औषध आतल्या बोळ्यावर धरून ठेवणार. जाताना म्हणाल्या, उद्यापर्यंत चालू राहू द्या, आणि नेहमीसारखे वागा.

नेहमीसारखे! तुम्हीच सांगा, घरात एक यंत्र घुर्रर्र करीत तुमची हवा ओढते आहे, आणि तुम्ही नेहमीसारखे कसे वागणार? मी त्याच्या जवळून जाताना श्वास रोखून धरी. ही कुजबुजत बोलू लागली. मी म्हटले, मोठ्याने बोल, ते ऐकत नाही, हुंगते. "म्हणूनच आज लसूण नाही," ही म्हणाली, आणि आम्ही बिनलसणाचे जेवलो. मोजायची होती फक्त हवा, आणि आम्ही मात्र परीक्षेला बसल्यासारखे!

निकाल आला. मर्यादेच्या कितीतरी वर! तपासनीस बाई फोनवर शांतपणे म्हणाल्या, "काका, फवारणी अगदी ताजी दिसतेय."

मी भांडलो हो. महिन्याभराचे व्रत, आणि ताजी? तेवढ्यात माझे लक्ष हिच्याकडे गेले. ही एकाच टॉवेलची घडी मोडून पुन्हा घालीत होती.

"परकी बाई घरात येणार," ही म्हणाली, "आणि तिच्यासमोर ओट्यावर झुरळ फिरलं असतं तर? आदल्या दिवशी थोडंसंच मारलं."

आता बोला! नळ दुरुस्त करणारा येणार म्हणून न्हाणीघर आधी स्वतः घासून ठेवणारी ही बाई. मला कळायला हवे होते. रागावणार होतो, पण ती रडू लागली. म्हणाली, पोर माझ्यामुळे पाळणाघरात जाणार. मग काय रागावणार?

लेक मात्र रागावली. आईला एवढेही कसे कळले नाही म्हणून फोनवर बरेच ऐकवले. आमचे जावई मितभाषी. त्यांनी इतकेच सुचवले, की आपल्याही घरची हवा तपासून घेऊ. घ्या की, लेक म्हणाली, आपल्याकडे काय सापडणार?

आमच्या दुप्पट सापडले! बाई यायच्या आदल्या संध्याकाळी लेकीला बेसिनखाली एक झुरळ दिसले होते… शेवटी लेक कोणाची? ही बातमी ऐकून हिने त्या आठवड्यात प्रथमच पोटभर जेवण केले.

राहता राहिले पाळणाघर. तिथल्या संचालिकाबाईंना मी विनंती केली, की आपल्याकडचीही हवा एकदा मोजू द्यावी. त्या फार आनंदाने तयार झाल्या. म्हणाल्या, "परवा या ना, आजोबा. उद्या सगळीकडे फवारून अगदी स्वच्छ करून ठेवते."

मी नमस्कार केला आणि बाहेर पडलो. अहो, मोजायची होती फक्त हवा!

लेक कामावर रुजू झाली. दोन्ही घरे धुऊन, उघडी टाकून, पुन्हा मोजणी व्हायची आहे. तोवर नात दिवसभर आमच्याकडेच असते, म्हणजे बागेतल्या बाकावर. बाटल्या, दुपटी, छत्री, आम्ही दोघे. ती गवतावर रांगते, तिच्यामागे मी रांगतो, आणि छातीतली घुरघुर जरा कमी वाटते… मला तरी वाटते. तिथली हवा अजून कोणी मोजलेली नाही. तुमच्यापैकी कोणाकडे ते यंत्र असेल, तर हात जोडून विनंती करतो, निदान पोर चालू लागेपर्यंत तिकडे फिरकू नका.